वाटाड्याचं नाव कुठंय?

सुट्ट्या संपल्या की आपल्या या सदराकडे पत्रांचा नुसता पूर येतो, कुणी कुठंतरी फिरून आलेलं असतं, कुणाच्या घरात पोरांची नवी पुस्तकं आलेली असतात आणि त्यातलं एखादं वाक्य डोक्यात अडकून बसलेलं असतं. यावेळी निवडलेल्या बहुतेक पत्रांत एकच शब्द सारखा येतोय, तो म्हणजे ‘शोध’. अमक्या साहेबाने तमक्या जागेचा शोध लावला. या शब्दाबद्दल मला कितीतरी दिवसांपासून लिहायचं होतं, त्यामुळे उत्तरं लांबलीयत, पहिलं तर जास्तच, तेवढं सांभाळून घ्या.

प्रश्न : रिटायर झाल्यावर आम्ही दोघं पहिल्यांदाच परदेशात गेलो, कंबोडियाला. अंकोरवाट बघून अक्षरशः डोळे भरून आले. पण आमच्या ग्रुपच्या टूर मॅनेजरने सांगितलं की हे देऊळ कित्येक शतकं जंगलात हरवलं होतं, तिथल्या लोकांनाही त्याचा पत्ता नव्हता, १८६० साली एका फ्रेंच माणसाने ते शोधून काढलं. एवढं मोठं देऊळ हरवतं कसं हो? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुम्हाला आलेली शंका अगदी बरोबर आहे. ते हरवलं नव्हतंच. ज्या देवळाभोवतीचा खंदकच जवळजवळ दोनशे मीटर रुंद आहे ते काय कुणाच्या नजरेतून सुटतं?

खरी गोष्ट काय ते सांगते. अंकोरवाट बांधलं ख्मेर, म्हणजे कंबोडियातल्या मूळ लोकांचा, राजा दुसरा सूर्यवर्मन याने, बाराव्या शतकात, विष्णूचं देऊळ म्हणून. पुढे पंधराव्या शतकात ख्मेर राजांनी राजधानी तिथून हलवली आणि आजूबाजूच्या बऱ्याच देवळांवर झाडं वाढली, हे खरंय, पण अंकोरवाट कधी ओस पडलं नाही. तोपर्यंत ते बौद्धांचं झालं होतं, भिक्खू तिथं राहत होते, लोक नमस्काराला येत होते. एवढंच नाही, तर भिंतीवरची जी लांबच लांब शिल्पं तुम्ही बघितलीत त्यातली उत्तरेकडची काही अर्धवट राहिली होती, ती सोळाव्या शतकात एका ख्मेर राजाने पुरी करून घेतली. ज्या देवळात शिल्पकार छिन्नी घेऊन बसलेत ते हरवलेलं कसं?

आणि बाहेरचे लोकही येतच होते. झोउ दागुआन नावाचा चिनी माणूस १२९६ मध्ये तिथं आला आणि जवळजवळ वर्षभर राहिला, बाजार कसा भरतो, बायका कशा व्यापार करतात, राजाची मिरवणूक कशी निघते, सगळं लिहून ठेवलंय त्याने. या वर्णनाचं फ्रेंच भाषांतर १८१९ मध्येच झालं होतं, म्हणजे पॅरिसमध्ये ज्याला वाचायचं होतं त्याला अंकोर ‘सापडायच्या’ ४१ वर्षं आधीच वाचता येत होतं. १६३२ मध्ये मोरिमोतो नावाचा एक जपानी यात्रेकरू बुद्धाच्या मूर्ती घेऊन आला आणि खांबावर शाईने आपल्या येण्याची नोंद करून गेला. त्या काळातल्या जपान्यांची समजूत होती की बुद्ध जिथं राहायचा ते आपल्या श्रावस्तीचं जेतवन ते हेच, मला ही समजूत फार आवडते, चुकीची असली तरी श्रद्धेने केलेली चूक आहे. आणि एक धागा तर थेट आपल्या गोव्याला येतो. १५८६ मध्ये आंतोनियो दा मादालेना नावाचा पोर्तुगीज साधू अंकोरला जाऊन आला, त्याने जे सांगितलं ते गोव्यात बसून दियोगू दो कोउतो याने लिहून घेतलं. हा कोउतो गोव्याच्या सरकारी दप्तराचा प्रमुख होता आणि वारलाही गोव्यातच. ते टिपण पुढे शतकानुशतकं छापलंच गेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

आता तो फ्रेंच माणूस. आंरी मूओ त्याचं नाव, किडे, शिंपले, पक्षी गोळा करणारा निसर्गअभ्यासक. जानेवारी १८६० मध्ये तो अंकोरला पोचला, पण एकटा जंगल तुडवत नाही, तिकडच्याच बत्तमबांग गावात राहणाऱ्या एका फ्रेंच मिशनऱ्यासोबत. त्याच्या दहा वर्षं आधी बुईव्हो नावाचा दुसरा फ्रेंच मिशनरी येऊन गेला होता आणि त्याने पुस्तकही छापलं होतं. मूओ बिचारा स्वतः कधी म्हणाला नाही की हे मी शोधलं. नोव्हेंबर १८६१ मध्ये लाओसच्या जंगलात तापाने तो गेला, वय फक्त ३५. त्याच्या वह्या आणि चित्रं त्याच्या नोकराने बँकॉकपर्यंत नेऊन पोचवली, फ्राय त्या नोकराचं नाव. फ्राय नसता तर त्या वह्या तिथंच कुजल्या असत्या आणि जगाला मूओ हे नावच कळलं नसतं. पण फ्रायचं नाव कुठल्या टूर मॅनेजरने घेतलेलं मी तरी ऐकलं नाही.

मग ही ‘हरवलेल्या नगरी’ची गोष्ट आली कुठून? वर्ष बघा. मूओचं प्रवासवर्णन फ्रान्समधल्या मासिकात आलं १८६३ मध्ये आणि त्याच वर्षी फ्रान्सने कंबोडियाला ‘संरक्षणाखाली’ घेतलं. अंकोरचा भाग तेव्हा सयामकडे, म्हणजे आजच्या थायलंडकडे होता, तो १९०७ मध्ये फ्रेंचांनी करार करून मिळवला. दुसऱ्याच्या देशात राज्य करायचं तर कारण लागतं, आणि ‘हे लोक स्वतःच्या पूर्वजांना विसरलेत, आता त्यांचा वारसा आम्हीच सांभाळणार’ यापेक्षा सोयीचं कारण कुठलं? पुरावा म्हणून मूओने लिहिलेली एक गोष्ट सारखी पुढे केली जायची, त्याने गावकऱ्यांना विचारलं हे कुणी बांधलं, तर कुणी म्हणालं देवांच्या राजाने, कुणी म्हणालं राक्षसांनी, कुणी म्हणालं कुष्ठरोगी राजाने, कुणी म्हणालं आपोआप झालं.

आता तुम्ही नाशिकचे. तुमच्या डोंगरावरच्या लेण्यांना तुम्ही काय म्हणता? पांडवलेणी. ती पांडवांनी खोदलेली नाहीत, सातवाहन आणि क्षत्रपांच्या काळातली बौद्ध लेणी आहेत, पण ‘पांडवांनी एका रात्रीत केलं’ असं म्हणणारा आपला म्हातारा काय ती लेणी विसरलेला असतो होय? राजाचं नाव विसरलं असेल, जागा विसरलेली नसते. ख्मेर गावकऱ्याचंही तेच. आणि कुष्ठरोगी राजाची गोष्ट तर त्यांच्या परंपरेत खोल रुजलेली आहे, ते काही तोंडाला येईल ते बोलत नव्हते.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगितली पाहिजे. फ्रेंच अभ्यासकांनी तिथं खरोखर मोठं काम केलं, जॉर्ज सेदेससारख्याने शिलालेख वाचून राजांची वंशावळ लावली, बान्ते स्रेई हे छोटं देखणं देऊळ १९३० च्या दशकात दगडावर दगड लावून पुन्हा उभं केलं. पण त्याच देवळातल्या देवतांच्या मूर्ती १९२३ मध्ये करवतीने कापून बोटीतून पळवणारा आंद्रे मालरो हाही फ्रेंचच होता, पकडला गेला, शिक्षा झाली, अपिलात कमी झाली आणि पुढे तोच फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला. १९३१ मध्ये पॅरिसच्या वसाहत प्रदर्शनात अंकोरवाटच्या मधल्या भागाची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभारली होती, लोकांनी तिकीट काढून बघितली. वारसा ज्यांचा, ते मात्र तेव्हा प्रजा होते.

आणि जाता जाता आपल्यासाठी एक. आपल्याकडून जाणारे कितीतरी लोक तिथं उभे राहून म्हणतात, बघा आपण केवढं बांधलंय. आपण नाही बांधलं. संस्कृत तिथं गेली, विष्णू गेला, बुद्ध गेला, पण दगड ख्मेर लोकांनी वाहिले, नकाशा त्यांचा, पाण्याची ती अफाट व्यवस्था त्यांची. ‘हिंदूंची वसाहत’ असं म्हणणं म्हणजे फ्रेंचांनी केलं तेच आपण दुसऱ्या बाजूने करणं.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. मुलांना दरवर्षी शिकवते की अजिंठा लेण्यांचा शोध १८१९ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने लावला. यावर्षी एका मुलाने विचारलं, ‘बाई, मग त्याच्या आधी तिथं राहणाऱ्या लोकांना दिसत नव्हतं का?’ वर्ग हसला, पण मला उत्तर सुचलं नाही. (जळगाव जिल्हा)

उत्तर : त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या, खरंच द्या, आणि ज्यांना हसू आलं त्यांना नकाशा काढायला लावा. लेण्यांच्या वरच्या अंगाला एक गाव आहे, त्याचं नाव लेणापूर. नावातच लेणं आहे. असं नाव काही साहेब येऊन ठेवत नसतो.

जॉन स्मिथची गोष्ट सगळ्यांना माहितीय, मद्रास आर्मीतला अधिकारी, वाघाच्या शिकारीला आला, वाघूर नदीच्या घळीतून समोर दहाव्या लेण्याची कमान दिसली. काही जण ही गोष्ट सांगताना त्यात एक गुराखी पोरगाही घालतात, साहेबाला बोट दाखवून सांगणारा. पोरगा खरा की खोटा ते राहू द्या, पण गोष्टीतसुद्धा त्याला नाव नाही आणि साहेबाचं नाव मात्र आजही तिथं खांबावर दिसतं, कारण त्याने ते खरडून ठेवलंय, तारखेसकट, २८ एप्रिल १८१९, आणि तेही बोधिसत्त्वाच्या रंगवलेल्या चित्रावर. लेण्यात तेव्हा गाळ आणि दगडमाती साचली होती, तो त्या ढिगाऱ्यावर उभा होता, म्हणून ती अक्षरं आज आपल्या डोक्याच्या वर दिसतात. मी शाळेच्या ट्रिपला गेले होते तेव्हा गाईडने टॉर्च मारून ते नाव मोठ्या कौतुकाने दाखवलं होतं आणि आम्हीही ‘अय्या’ म्हणून बघितलं होतं. आज तेच आठवलं की वाईट वाटतं, दीड हजार वर्षांच्या चित्रावर ओरखडा काढणाऱ्याचं आम्ही कौतुक करत होतो.

लेण्यांची आठवण कागदावरही होती. सातव्या शतकात युआन श्वांग या चिनी यात्रेकरूने महाराष्ट्राच्या वर्णनात डोंगरात कोरलेला विहार आणि दाराशी दगडी हत्ती असं लिहिलंय, आणि सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी ते हत्ती आजही आहेत. सव्विसाव्या लेण्यात राष्ट्रकूटांच्या काळातला लेख आहे. म्हणजे ज्यांच्या काळात यातली बरीचशी लेणी झाली त्या वाकाटकांचं राज्य संपलं तसं सगळं एका रात्रीत अंधारात गेलं असं नाही. भिक्षू गेले, दानं थांबली, पण डोंगर गावकऱ्यांचाच राहिला, आसऱ्याला, गुरांना, आणि लेण्यांत चूल पेटवायलाही, त्या धुराने चित्रांचं नुकसान झालं हेही मुलांना सांगा.

आणि मग नकला करणाऱ्यांची गोष्ट सांगा, ती पाठ्यपुस्तकात कमी येते. मेजर रॉबर्ट गिलने १८४४ पासून कित्येक वर्षं तिथं राहून चित्रांच्या नकला केल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आले आणि १८७२ पासून त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करून घेतल्या. पुस्तकं ग्रिफिथ्सच्या नावाने निघाली, पण अंधारात, वटवाघळांच्या घाणीत, उन्हाळ्यात आणि थंडीत बसून ब्रश चालवणारे हात पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत अशा आपल्या पोरांचे होते.

फळ्यावर लिहिताना ‘शोध लावला’ खोडून ‘१८१९ मध्ये युरोपियन लोकांना पहिल्यांदा कळलं’ असं लिहून बघा. परीक्षेतलं वर्ष तेच राहतं.

प्रश्न : आमचे आजोबा तांडेल होते, गलबतावर आयुष्य गेलं. ते म्हणायचे की वास्को द गामाला हिंदुस्थानचा रस्ता आपल्याच माणसाने दाखवला. हे खरं की घरातली गोष्ट? (मालवण)

उत्तर : आजोबा बरोबर होते, निदान मुद्द्यात तरी.

गामाने आफ्रिकेला वळसा घातला हे धाडस त्याचंच, ते कुणी नाकारत नाही, १४९७ च्या जुलैत लिस्बन सोडून निघालेली माणसं होती ती. पण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मालिंदीला पोचल्यावर पुढचा समुद्र त्याला परका होता आणि आपल्याकडच्या खलाशांना तो अंगणासारखा होता. गुजरातचे, अरबस्तानचे, मलबारचे लोक शतकानुशतकं त्या वाऱ्यावर ये-जा करत होते. मालिंदीच्या राजाने गामाला एक वाटाड्या दिला. २४ एप्रिल १४९८ ला निघाले आणि सुमारे २३ दिवसांत किनारा दिसला, २० मे ला कालिकतजवळ नांगर पडला. पोर्तुगीज इतिहासकार बारोसने त्या वाटाड्याला गुजरातचा मूर, म्हणजे मुसलमान, म्हटलंय आणि नाव दिलंय ‘मालेमो काना’, यातलं मालेमो म्हणजे मुअल्लिम, आपला मालम, गलबताची दिशा धरणारा. म्हणजे तेही नाव नाही, हुद्दाच आहे. पुढे कुणी त्याला कच्छचा कानजी मालम केला, कुणी अरबांचा गाजलेला दर्यावर्दी इब्न माजिद केला. इब्न माजिदवाली गोष्ट तर अभ्यासकांनी आता सोडूनच दिलीय.

पण परतीचा प्रवास बघा, मला त्यातच सगळं दिसतं. कारवारजवळचं अंजदीव बेट, जे आज गोव्याचं आहे, तिथून गामा १४९८ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघाला. ईशान्येचा वारा अजून लागायचा होता. आजोबांनी त्याला थांब म्हटलं असतं. जो समुद्र येताना २३ दिवसांत ओलांडला त्यालाच जाताना जवळजवळ तीन महिने लागले, जानेवारी १४९९ उजाडला, हिरड्या सुजून, अंगावर काळे डाग पडून तीसेक माणसं वाटेतच गेली.

आणि शोध लावायला आलेल्यांनी नेमकं काय ओळखलं तेही बघण्यासारखं आहे. गामाने किनाऱ्यावर पाठवलेल्या पहिल्या माणसाला भेटले कोण, तर ट्युनिसचे दोन व्यापारी, त्याच्याशी स्पॅनिशमध्ये बोलणारे, म्हणजे ज्यांचा शोध लागायचा होता त्यांच्या बंदरात युरोपच्या भाषा आधीच पोचल्या होत्या. तिथलं एक देऊळ त्यांना चर्च वाटलं, देवीला मेरी समजून नमस्कार करून आले. कालिकतच्या राजासाठी, सामोरीसाठी, आणलेल्या भेटी होत्या पट्ट्यापट्ट्यांचं कापड, टोप्या, पोवळी, सहा घंगाळी, थोडी साखर, तेल आणि मध. दरबारातले लोक म्हणाले, मक्केहून येणारा गरीब व्यापारीसुद्धा यापेक्षा जास्त आणतो.

रस्ता नवा होता तो युरोपला. हिंदुस्थान सगळ्यांना माहीत होता, त्यांनाही.

प्रश्न : मुलीला प्रोजेक्ट आहे, एव्हरेस्टची उंची पहिल्यांदा कुणी मोजली? नेटवर कुठं राधानाथ सिकदार म्हणतात, कुठं जॉर्ज एव्हरेस्ट. नेमकं काय लिहू? (नागपूर)

उत्तर : जॉर्ज एव्हरेस्ट नक्कीच नाही, ते सर्व्हेयर जनरल, म्हणजे सरकारी मोजणी खात्याचे प्रमुख होते, पण १८४३ मध्येच रिटायर होऊन गेले होते. लांबून, सपाट प्रदेशातून कोन मोजणारे सर्व्हेचे अधिकारी होते, आणि त्या आकड्यांवर अवघड गणित करून ‘शिखर क्रमांक १५’ सगळ्यात उंच निघतंय हे दाखवण्यात मुख्य हात कलकत्त्याचे गणिती राधानाथ सिकदार यांचा. ते धावत साहेबाच्या खोलीत गेले आणि ओरडले वगैरे जे सांगतात ते लिहू नका, ती पुढे तयार झालेली गोष्ट वाटते, गणित काही एका दुपारी संपत नाही. १८५६ मध्ये सर्व्हेयर जनरल अँड्र्यू वॉ यांनी उंची २९,००२ फूट अशी जाहीर केली आणि आपल्या जुन्या साहेबाचं नाव सुचवलं, कारण काय तर म्हणे स्थानिक नाव सापडत नाही. तिबेटी लोक चोमोलुंगमा म्हणत होते, आणि पॅरिसमध्ये निघालेल्या अठराव्या शतकातल्या नकाशात ते नाव वेड्यावाकड्या स्पेलिंगने का होईना छापलेलं होतं. खुद्द एव्हरेस्ट यांनी आपल्या नावाला हरकत घेतली होती, हे नाव इथल्या लोकांना लिहिता-बोलता येणार नाही म्हणून. तरी १८६५ मध्ये तेच पक्कं झालं.

प्रोजेक्टमध्ये एक गोष्ट मुलीला आवर्जून घालायला सांगा. सर्व्हेच्या कामाचं एक इंग्रजी मॅन्युअल होतं, १८५१ च्या आवृत्तीत प्रस्तावनेत सिकदारांचं ऋण मान्य केलं होतं, ते वारल्यावर १८७५ च्या आवृत्तीत तो उल्लेख काढून टाकला. त्यावर आवाज उठवला तोही एका इंग्रजी वर्तमानपत्राने, हेही तिने लिहावं.

प्रश्न : ताई, मेकॉलेने ब्रिटिश पार्लमेंटमध्ये केलेलं भाषण फॅमिली ग्रुपवर आलंय, ‘मी भारतभर फिरलो, मला एकही भिकारी, एकही चोर दिसला नाही, यांची संस्कृती मोडल्याशिवाय यांना जिंकता येणार नाही’. तारीख २ फेब्रुवारी १८३५. फॉरवर्ड करू का? (दुबईहून एक विद्यार्थी)

उत्तर : नको रे बाबा. मेकॉले गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातला बडा अधिकारी, त्या तारखेला तो कलकत्त्यात होता, लंडनच्या पार्लमेंटमध्ये नव्हताच. ते वाक्य बनावट आहे.

त्या तारखेची खरी गोष्ट म्हणजे त्याने लिहिलेलं शिक्षणावरचं टिपण. त्यात तो आधी कबूल करतो की मला संस्कृत येत नाही, अरबी येत नाही, आणि मग म्हणतो की चांगल्या युरोपियन लायब्ररीतलं एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याला पुरून उरेल. भाषा येत नाही, वाचलं ते भाषांतरातून, तरी निकाल देऊन मोकळा. ७ मार्चला गव्हर्नर जनरल बेंटिंकने त्या बाजूने ठराव केला आणि सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला. खरं वाक्य इतकं स्पष्ट असताना आपण खोटं कशाला पाठवायचं? समोरचा एका मिनिटात ते खोडून काढतो आणि मग आपलं खरंही कुणी ऐकत नाही, मी हे स्वतः एका चर्चेत बघितलंय, पूर्ण बरोबर मुद्दा असलेला माणूस या एका बनावट वाक्यापायी गप्प बसला. ग्रुपवर काकांना नीट समजावून सांग, सगळ्यांसमोर नको, पर्सनलला.

प्रश्न : जुना वाडा पाडायला काढलाय. माळ्यावर ट्रंकेत कापडात बांधलेले मोडी कागद निघाले. मुलगा म्हणतो इतिहास तर इंग्रजांनी आधीच लिहून ठेवलाय, या रद्दीचं काय करायचं. मला टाकवत नाही. (सातारा जिल्हा)

उत्तर : टाकू नका, हात जोडून सांगते.

मराठ्यांचा पहिला मोठा इंग्रजी इतिहास लिहिणारा ग्रँट डफ तुमच्या साताऱ्यातच रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी होता, १८१८ ते १८२२. छत्रपतींचं, पेशव्यांचं दप्तर त्याला बघायला मिळालं, कष्टही त्याने खूप घेतले, १८२६ मध्ये तीन खंड निघाले. पण मराठ्यांचा उदय त्याला कसा दिसला, तर सह्याद्रीत वाळलेल्या गवताला वणवा लागावा तसा, अचानक भडकलेला. वणव्याला विचार नसतो, योजना नसते, आधीची तयारी नसते. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये आपल्या पुस्तकात याचंच उत्तर दिलं, की हा वणवा नव्हता, संतांपासून देशमुखांपर्यंत सगळा समाज आधीच हलत होता. त्याही आधी १८६० च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण पोराने ग्रँट डफच्या चुका दाखवणारा निबंध लिहिला होता, अजून शिकत होता तो.

पण चुका सिद्ध करायच्या कशाने? तर तुमच्या ट्रंकेत आहेत तसल्या कागदांनी. इतिहासाचार्य राजवाड्यांनी आयुष्य यातच घातलं, गावोगाव फिरायचं, स्वतःच्या हाताने शिजवून खायचं, वाड्यातल्या म्हाताऱ्यांची मनधरणी करायची, माळ्यावर चढायचं, उंदरांनी कुरतडलेले रुमाल, म्हणजे कागदांची कापडात बांधलेली गाठोडी, सोडायचे. १८९८ मध्ये पहिला खंड निघाला, त्यात पानिपतच्या काळातली मूळ पत्रं होती, म्हणजे त्या दिवसांत प्रत्यक्ष छावणीतून लिहिणाऱ्या माणसांचा आवाज पहिल्यांदा छापून आला. असे २२ खंड त्यांनी काढले. कित्येक ठिकाणी ते पोचायच्या आधीच कागद वाण्याकडे पुड्या बांधायला गेलेले असत.

आता तुमचं काम. कागद ज्या क्रमाने बांधलेत तो क्रम मोडू नका, कुठला कागद कुठल्या रुमालात होता यालाही अर्थ असतो. घडी कडक झाली असेल तर ताणून उघडू नका. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नाही. उन्हात वाळत घालू नका, ओल नसलेल्या जागी स्वच्छ सुती कापडात ठेवा. फ्लॅश बंद करून मोबाईलवर फोटो काढा, मुलालाच काढायला सांगा. मग पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात चौकशी करा, मोडी वाचणारी माणसं तिथं भेटतात. कदाचित त्यात शेतसाऱ्याचे हिशेब निघतील, कदाचित वाटणीचं भांडण, कदाचित कुणाच्या लग्नाचा खर्च. तेही हवंच आहे. आणि वाडा पाडणाऱ्या ठेकेदाराला आजच सांगून ठेवा की भिंतीतल्या कोनाड्यात, तुळयांच्या वर अजून काही निघालं तर आधी तुम्हाला हाक मारायची, मग पहार लावायची.